गल्लीत पाणी मुरवायची चारी खोदायची आहे. पैसे कोणत्या खिशातून काढायचे?

गिरणीवाली_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये इंदिरानगरला माझी पिठाची गिरणी आहे. घराच्याच तळमजल्यावर, गल्लीच्या सगळ्यात उताराच्या टोकाला. घरघंटी नव्हे, चांगली साडेसात एचपीची मोटार आणि दगडाचं जातं, शेजारी मिरचीचा डंका. एकोणीस वर्षं झाली. प्रश्न पाण्याचा आहे, पण गिरणी सांगितल्याशिवाय पाणी कळायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी आमची गल्ली काँक्रीटची झाली. आधी मधे डांबर होतं आणि दोन्ही अंगांना हात-दोन हात मुरूम. ठेकेदाराने जुना थर खरवडलाच नाही, त्याच्यावरच ओतलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. रस्ता माझ्या उंबऱ्याच्या चार बोटं वर आला. तेव्हा आम्ही पेढे वाटले, मीसुद्धा. खोटं कशाला बोलू, दळणावर धूळ बसायची ती थांबली होती.

मग पाऊस आला. पाणी शटरखालून येतं ना, ते आवाज करत नाही. मी चाळणी झटकत होते, पाठ दाराकडे. पाय चिकटायला लागले म्हणून खाली बघितलं तर जमिनीवर सांडलेल्या पिठाची खळ झालेली आणि ओळीत ठेवलेल्या डब्यांच्या बुडाला पाणी. डबे वाचले, पिशव्या गेल्या. एका आजींची पाच किलो बाजरी मी दुसऱ्या दिवशी माझ्या पैशाने आणून दळून दिली. पट्टा भिजला की घसरतो आणि जळका वास सुटतो, तो वास नाकात बसला तो बसलाच. मोटार बांधून आणायला ४,८०० रुपये. गेल्या पावसाळ्यात हे दोनदा झालं.

माझा भाचा सिव्हिलचा डिप्लोमा करतोय. त्याने टेप लावून हिशेब मांडला. गल्ली १२० मीटर लांब, ९ मीटर रुंद. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तासाभरात २५ मिलिमीटर पडला तर नुसत्या रस्त्याचंच २७,००० लिटर. गच्च्यांचे पाइप लोकांनी रस्त्यावरच सोडलेत, ते वेगळं. हे सगळं माझ्या दारात, कारण पावसाळी गटाराच्या जाळीवर पहिल्याच सरीत पाला आणि प्लॅस्टिक बसतं.

त्याचं म्हणणं असं: पूर्वेच्या अंगाला ६० मीटर लांब, एक मीटर रुंद पट्टा काँक्रीट फोडून मोकळा करायचा. ९० सेंटिमीटर खोल चारी. खाली ६० सेंटिमीटर खडी, वर वाळू मिसळलेली माती, त्यात झाडं. कर्बला, म्हणजे कडेच्या दगडी काठाला, मधे मधे फटी, म्हणजे पाणी आत शिरेल. खडीच्या पोकळीत १४,००० लिटर मावतं म्हणतो, रस्त्याचं निम्मं. जास्त झालं तर उंच तोंडाच्या चेंबरमधून जुन्या गटारात. मी म्हटलं मुरणार कुठे, आपल्याकडे काळी माती. तर त्याने फूटभर रुंद खड्डा काढला. हातभर काळी, खाली मुरूम. आदल्या दिवशी पाणी भरून भिजवला, दुसऱ्या दिवशी परत भरून पट्टी लावली. तासात चार बोटं उतरलं.

खर्च आला २ लाख ८५ हजार. गल्लीत ४१ घरं. बैठक बोलावली, ११ जण आले, त्यातले तिघे चहाला. वरच्या टोकाचे म्हणाले, आमच्याकडे तर पाणी साचतच नाही. अहो, साचत नाही कारण ते माझ्याकडे येतं!

तर विचारायचं हे: असल्या कामाला सरकारी पैसा कुठल्या नावाखाली मिळतो? कुणी म्हणतं आमदार निधी, कुणी सीएसआर (कंपन्यांचा समाजकार्याचा पैसा), एक जण तर म्हणाला रोखे काढतात. निवेदन द्या असं कृपया सांगू नका. चार दिली आहेत, पोच जपून ठेवल्या आहेत.

---

जुना_जेई

ताई, मी एका महापालिकेत (नाशिकच्या नव्हे) बांधकाम विभागात जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, म्हणून ३१ वर्षं काढली. थोडं लांबेल, पण वाचा.

तुमची अडचण पैशाची नंतर आहे, आधी लेखाशीर्षाची आहे, म्हणजे खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा याची. रस्ता बांधकामाचा, पावसाळी गटार कुठे बांधकामाकडे तर कुठे ड्रेनेजकडे, झाडं उद्यानाची, गाळ काढणं आरोग्याचं. तुमची चारी चौघांची आहे म्हणून कुणाचीच नाही. नुसत्या चारीची फाइल तुम्ही पाठवलीत तर ती चार टेबलांवर 'अभिप्रायार्थ सादर' होत फिरेल आणि मार्च उजाडेल.

आम्ही लोक आत बसून काय करायचो ते सांगतो. वेगळं काम मागायचं नाही. जे काम होणारच आहे त्याच्या अंदाजपत्रकात एक बाब म्हणून घुसवायचं. तुमची गल्ली काँक्रीट होण्याआधी कुणी हा पट्टा दाखवला असता तर ६० चौरस मीटरवर २० सेंटिमीटर जाडीचं, म्हणजे १२ घनमीटर काँक्रीट वाचलं असतं. आजच्या दराने पाऊण लाखाच्या आसपास. त्या पैशात खोदाई आणि खडी बसते. आता तेच फोडायचे पैसे, राडारोडा वाहायचे पैसे. तुमच्या २ लाख ८५ हजारांतला बराच भाग हा उशिराचा दंड आहे. म्हणून तुमच्या शेजारच्या ज्या गल्ल्या अजून डांबरी आहेत त्यांनी आत्ता जागं व्हावं. सिंहस्थाच्या निमित्ताने गावभर रस्त्यांची कामं निघाली आहेत, एकदा निविदा उघडली की बाब वाढवणं म्हणजे डोकेदुखी.

तुमच्या गल्लीचं पहिलं काम: माहितीच्या अधिकारात अर्ज, दहा रुपये, तीस दिवस. रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहितात ती) प्रत आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने फुकट दुरुस्ती करून द्यायची मुदत, मागा. जुना थर खरवडण्याची बाब अंदाजपत्रकात होती का आणि तिचं बिल निघालं का, एवढं बघा. बिल निघालं असेल आणि मुदत शिल्लक असेल तर तुमच्या दारातला उतार ठेकेदाराकडून दुरुस्त करून घेता येतो, फुकट. मात्र त्या मुदतीत रस्त्याला तुम्ही हात लावू नका. एक ढापा जरी हलवलात तरी पुढे सगळं 'नागरिकांनी तोडफोड केली' या वाक्यात बुडतं.

आता पैशाचे खिसे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांवर लोकसंख्येच्या नागरी समूहांना वेगळा निधी ठेवला, नाशिक त्यात होतं. एक तृतीयांश हवेसाठी, दोन तृतीयांश पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि त्या पाण्यात पर्जन्यजल संधारण शब्दाने लिहिलेलं आहे. शहरी पुराचे २,५०० कोटी मात्र निराळे होते आणि ते सात शहरांना: मुंबई, चेन्नई, कोलकात्याला ५०० प्रत्येकी, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद, पुण्याला २५० प्रत्येकी. नाशिक त्यात नाही, तेव्हा त्या गाडीची वाट बघू नका.

हवेच्या पैशाकडे मात्र नीट बघा, तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिक आहे. धूळ उडू नये म्हणून रस्त्याच्या कडा 'बंदिस्त' करायच्या, म्हणजे आपल्याकडे पेव्हर ब्लॉक ठोकायचे, हे याच पैशातून होतं. पण धूळ सिमेंटनेच दाबली पाहिजे असं कुठे आहे? गवत आणि झुडपंही धूळ धरतात. कडा हिरव्या करायच्या अशी मागणी केलीत तर पैसा धुळीचा आणि काम पाण्याचं. अर्जात 'पूर' हा शब्द घालू नका. घातला की फाइल दुसऱ्या मजल्यावर.

आमदार निधी वर्षाला पाच कोटी असतो, सार्वजनिक जागेवरच्या टिकाऊ कामाला चालतो. सीएसआर म्हणाल तर कंपनी कायद्याचं कलम १३५, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के, पर्यावरण त्यात बसतं. सातपूर-अंबडला मोठे कारखाने आहेत, मिळेलही. फक्त त्यांना पाटी आणि फोटो हवा असतो, तिसऱ्या वर्षी गाळ काढायला कुणी येत नाही. करारातच तीन वर्षांची देखभाल लिहून घ्या.

रोख्यांचं ज्यांनी सांगितलं त्यांना नमस्कार. रोखा म्हणजे कर्ज. पुण्याने २०१७ मध्ये २०० कोटी उभे केले ते पाणीपुरवठ्यासाठी, त्यात पाणीपट्टी आणि घरपट्टीची वसुली दाखवता येते. गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटींचा हरित रोखा काढला तो सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना विकण्यासाठी. तुमची चारी पाणी जमिनीला देणार, जमीन काही बिल भरत नाही. एका गल्लीसाठी तो रस्ता नव्हे.

---

सराफबाजार_३ऱ्या_पिढीत

ताई, तुमचं चार बोटं पाणी ऐकून हसू आलं, रागवू नका. आमच्या बाजाराखालून सरस्वती नाला जातो. मेनरोड, भद्रकाली, दहीपूल, सगळीकडचा उतार आमच्याकडे. तासभर पाऊस झाला की शोकेसची खालची फळी रिकामी करायला पोरं धावतात. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर नसला तरी आमच्याकडे पूर. लोक नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला जातात, आम्ही दुकानाची पायरी बघतो.

आमच्याकडे एक मीटर सोडा, एक वीत मोकळी नाही. चारी कुठे खोदू, तिजोरीखाली? मोठा पाइप टाका, नाला साफ ठेवा, विषय संपला. ही झाडंबिडं बंगलेवाल्यांची हौस आहे भो.

---

पंचवटी_ते_पोर्टलंड

वरच्या काकांना विरोध नाही, पण वरच्या अंगाच्या शंभर गल्ल्यांनी आपलं पहिलं अर्ध्या तासाचं पाणी धरून ठेवलं तर तुमच्या पाइपावर तेवढा भार कमी. पाइप लागणारच. फक्त किती मोठा, एवढाच वाद आहे.

मी ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला राहतो. इथे असल्या गल्ल्यांना ग्रीन स्ट्रीट म्हणतात, २००७ मध्ये शहराने ठरावच केला. पैशाची एक युक्ती मला आवडली. रस्त्याच्या हद्दीतल्या ज्या बांधकामांना पावसाळी पाण्याचे नियम लागू होत नाहीत, त्यांच्या बांधकाम खर्चाचा एक टक्का एका वेगळ्या निधीत जातो आणि त्यातून छोट्या गल्ल्यांची कामं होतात. शिवाय पाण्याच्या बिलात पावसाळी पाण्याचं शुल्क असतं. घराचं पाणी आवारात जिरवलं तर त्यातल्या काही भागात सूट.

फिलाडेल्फियाने २०११ मध्ये पंचवीस वर्षांची योजनाच हाती घेतली. तिथे दुकानं-कारखान्यांना शुल्क मुख्यतः झाकलेल्या जमिनीवर, म्हणजे छप्पर, काँक्रीट, पार्किंग यावर लागतं. घरांना सरसकट ठरावीक रक्कम. जो पाणी पाठवतो तो पैसे देतो. तुमच्या वरच्या टोकाच्या शेजाऱ्यांना हे वाचून दाखवा.

दोन गोष्टी मात्र जपून घ्या. त्या गावांनी पैसा हौसेने काढलेला नाही. तिथे मैलापाणी आणि पावसाचं पाणी बऱ्याच भागात एकाच नळातून वाहतं, जोराचा पाऊस आला की ते तसंच नदीत जातं, आणि कायद्याचा बडगा होता. दुसरं, इथला पाऊस म्हणजे आठ महिने भुरभुर. नाशिकचा जुलै वेगळा. इथली मापं तिथे उचलून लावू नका, तुमच्या भाच्याने खड्डा काढून बघितलं तेच बरोबर.

आणि हो, आमच्या कोपऱ्यावरच्या चारीसाठी मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं आहे. काम काय, तर ऑक्टोबरात कर्बच्या फटीतला पाला खुरप्याने काढणं. महिन्यातून दोनदा, वीस मिनिटं. ते केलं नाही तर चारी कोरडी आणि रस्ता भरलेला, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

---

घरपट्टी_नियमित

झाकलेल्या जमिनीवर कर? नाशिकमध्ये? २०१८ मध्ये मोकळ्या जागांसकट सगळ्याचं करयोग्य मूल्य वाढवलं तेव्हा काय रान पेटलं होतं आठवतं ना. गंमत बघा, आपल्याकडे तेव्हा मोकळ्या भूखंडालाही वाढीव कर लावायला निघाले होते, आणि वरच्या मित्राच्या हिशेबात मोकळ्या भूखंडाला जवळजवळ काहीच लागू नये, कारण पाणी मुरवायचं काम तोच तर करतो.

नवा कर कुणी खपवून घेणार नाही. उलट बाजूने जावं. पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यसंधारण यातलं एक केलं तर घरपट्टीत पाच टक्के आणि दोन केली तर दहा टक्के सूट मिळते. दंड म्हटलं की मोर्चा निघतो, सूट म्हटलं की रांग लागते. आणि २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडाला पर्जन्यसंधारण सक्तीचं आहे. आमच्या सोसायटीत आहे. पाइप येतो, खड्ड्यात जायच्या ऐवजी खड्ड्याच्या शेजारून गटारात जातो. वीस फ्लॅट, कुणाला पत्ता नाही. प्लंबरने सांगितलं तेव्हा कळलं.

---

गिरणीवाली_इंदिरानगर

सगळ्यांचे आभार. सराफ काका, हसलात तरी चालेल. तुमच्याकडे सोनं आहे, वाळवलं की झालं. पीठ वाळवता येत नाही.

जेई साहेबांच्या सांगण्यावरून अर्ज टाकला. एकविसाव्या दिवशी उत्तर आलं. खरवडण्याची बाब अंदाजपत्रकात आहे. मोजमाप पुस्तिकेत तिचं माप आहे, पूर्ण १२० मीटर. खाली सही आहे. ओतायच्या दिवशी त्या लोकांना चहा मीच दिला होता, खरवडायचं यंत्र गल्लीत आलंच नव्हतं. दोष दायित्वाचे अजून सात महिने बाकी आहेत. पुढचा अर्ज भाच्याने लिहून दिलाय, त्यात फक्त माप, तारीख आणि उंबऱ्याचा पट्टी लावून काढलेला फोटो. राग कुठे दिसू दिला नाही, तीनदा वाचून खोडला.

हवेच्या निधीचं मागच्या गल्लीवाल्यांना सांगितलं, त्यांचा रस्ता अजून डांबरी आहे. त्यांनी कडेच्या मुरमात पेव्हरऐवजी हिरवा पट्टा मागितला आहे. माझ्या घरासमोर काही होवो न होवो, त्यांचं पाणीही शेवटी माझ्याच कोपऱ्यावर येतं.

वरच्या टोकाच्या एका काकांना बिल दाखवलं, मोटारीचं. पैसे मागितले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी गच्चीचा पाइप रस्त्यावरून काढून स्वतःच्या बोअरकडे वळवला, मधे खडी-वाळूचा ड्रम ठेवून. त्यांची बोअर एप्रिलमध्ये आटते म्हणे. मला त्यांचं कारण काय असेल ते असो.

आणि मी ठरवलंय, सात महिने हातावर हात ठेवून बसायचं नाही. रस्ता फोडता येत नाही, पण माझ्या आवारात दहा फूट सामासिक अंतर आहे, घर आणि कुंपणामधली मोकळी जागा, ते माझं. कुंपणालगत ८ मीटर लांब, पाऊण मीटर रुंद चारी काढते. रस्ता वर असल्यामुळे पाणी आपोआप तिच्यात येणार. भाचा म्हणतो दीड हजार लिटरही मावणार नाही. सत्तावीस हजारांपुढे दीड हजार म्हणजे चेष्टाच, पण शटरपर्यंत यायला पाण्याला दहा मिनिटं जास्त लागली तर मी पिशव्या फळीवर ठेवू शकते. डासांची भीती वाटते, आणि झाडं कुठली लावू?

---

रोपवाटिका_गंगापूररोड

वाळा लावा. पाण्यात आठवडा उभा राहतो आणि उन्हाळ्यात पाणी न देताही तग धरतो, मुळं खोल जातात. मधे कर्दळ. वड-पिंपळ उगवला तर लगेच उपटा. वर माती भरताना नर्सरीची काळी माती घेऊ नका, वाळू निम्म्याला निम्मी. माती खडीत उतरू नये म्हणून मधे जाळीचं कापड अंथरा, हे लोक विसरतात आणि दोन वर्षांत खडी गच्च होते. डासांचं म्हणाल तर पाणी दोन दिवसांत मुरलं पाहिजे, तुमचं चार बोटं तासाला म्हणजे मुरेल.

---

जुना_जेई

पायापासून पाच फूट तरी लांब ठेवा ताई. वरची काळी माती पाण्याने फुगते, भिंतीला तडे जातील. आणि तुमच्या आधी कचरा अडकायला कुंपणाच्या फटीशी विटांचा छोटा हौद करा, घमेल्याएवढा. रोज सकाळी शटर उघडताना तेवढा एक हात फिरवायचा.

---

गिरणीवाली_इंदिरानगर

पायापासून सहा फूट निघतंय, मोजलं. हौद करते. दोन ब्रास खडी उद्या येतेय, ट्रॅक्टरवाला कमी आणायला तयार नाही. अर्धा ब्रास तरी उरेल. इंदिरानगर-पाथर्डी फाट्याकडे कुणाला हवी असेल तर घेऊन जा, फक्त पोती तुमची आणा. माझी सगळी पोती पिठाची आहेत.